मानवलांडग्याची प्रेमकथा गोव्यात घडवायची असेल तर

मानवलांडग्याची प्रेमकथा लिहायला बसलेल्या नव्या लेखकाच्या मनात आधीच एक जंगल उभं असतं. धुकं, पाईनची झाडं, बर्फावर उमटलेले पंजे. कथा मात्र घडवायची असते सत्तरीत, डिचोलीत, नाहीतर दिवाडीच्या बेटावर. मग नायक सांकवाळचा असूनही ओव्हरकोट घालतो आणि नायिका शेकोटीपाशी कॉफी पीत बसते. या प्रकारातली दीर्घकथा मी क्रमशः लिहिली आहे, नव्या मंडळींची हस्तलिखितंही वाचते, आणि त्यांत हा घोळ सारखा दिसतो. म्हणून वाट जरा आखून देते.

माझं एक ठाम मत आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. वाचक रूपांतर बघायला येतो, पण टिकतो तो घरासाठी. लांडगेपणाचा प्रत्येक नियम देव्हाऱ्यापर्यंत, चुलीपर्यंत, अंथरुणापर्यंत पोचला तरच ती प्रेमकथा होते. नाहीतर ती फक्त दात आणि नखांची गोष्ट राहते.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- कथा ज्या वर्षात घडते त्या वर्षाचं पंचांग किंवा कालनिर्णय.
- भरती-ओहोटीचा तक्ता, कथा किनाऱ्यावर किंवा खाजनात (बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीत) असेल तर.
- तालुक्याचा नकाशा. वाडी, ओहोळ, देऊळ, बसथांबा, सगळं दिसेल असा.
- नियमांसाठी वेगळी वही. कथेची टिपणं या वहीत घालू नका, दोन्हींची सरमिसळ होते.
- वाचनालयाचं सभासदत्व. पणजीचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय 1832 सालापासूनचं आहे. गोव्याची ग्रामदैवतं, लोककथा, जत्रा यांवरची मराठी पुस्तकं तिथे बसून चाळा.
- युनिकोड मराठी टंकलेखन. जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेलं ऑनलाइन टाकताना अक्षरं फुटतात.

1. लांडगा गोव्यात आला कुठून, हे ठरवा

लांडगा हा माळरानाचा प्राणी. कोरडा, गवताळ, उघडा मुलूख त्याचा. सह्याद्रीच्या ओल्या, दाट रानात कोल्हा, रानकुत्रा, बिबट्या असतो, म्हादईच्या बाजूला वाघही फिरतो. म्हणून 'सत्तरीच्या जंगलात लांडग्यांचा कळप राहत होता' असं पहिल्याच ओळीत लिहिलंत, तर रान ओळखणारा वाचक तिथेच पुस्तक मिटतो.

यातून दोन चांगल्या वाटा निघतात. पहिली चोर्ला घाटाची. नायकाचं घराणं दोन-तीन पिढ्यांपूर्वी बेळगावकडच्या माळावरून घाट उतरून आलं, आणि अंगातला लांडगा बरोबर घेऊन आलं. त्याच्या देहाला उघडा माळ हवा असतो, नशिबी आलेलं असतं पावसानं भिजलेलं रान. ही घुसमट तुमच्या नायकाला फुकट मिळते.

दुसरी वाट पोर्तुगीजांची. पोर्तुगालच्या लोककथेत 'लोबिसोमेम' आहे. ओळीनं झालेला सातवा मुलगा लांडगा होतो अशी तिथली समजूत. गोव्यात पोर्तुगीज 1510 ते 1961 होते. एखाद्या जुन्या घरात ही समजूत आजीच्या तोंडून उतरली, असं कल्पनेनं रचता येतं. फक्त ती गोव्याची जुनी लोककथा म्हणून वाचकाच्या गळ्यात मारू नका.

इथे दोन खड्डे आहेत. राखणदार आणि देवचार हे गावाच्या श्रद्धेचे विषय आहेत, आजही त्यांना नारळ-रोट चढतो. त्यांना लांडगा करू नका. साळ गावच्या गड्यांच्या उत्सवात होळीच्या पौर्णिमेपासून रात्री गडे रानाकडे धावतात. तो प्रसंग पाहून हात शिवशिवतात, हे मला कळतं. तुमची पात्रं त्या गर्दीत उभी असू देत, पण गड्यांच्या अंगात येणाऱ्याला श्वापद ठरवू नका. दुसरा खड्डा अधिक वाईट: एखाद्या जमातीलाच लांडगा करणं. रानाजवळ राहणारे लोक म्हणजे अर्धे जनावर, हा जुना, विषारी समज आहे. तुमचा मानवलांडगा शाळामास्तर असू दे, बँकेत कारकून असू दे, ट्रॉलरवर तांडेल असू दे.

2. नियम लिहून काढा, आणि तो घरात शिरतो का ते बघा

पौर्णिमेला नाइलाजानं रूप बदलणं आणि चावल्यानं लागण होणं, हे नियम मुख्यतः 20 व्या शतकातल्या हॉलिवूडच्या चित्रपटांनी रुजवले. जुन्या युरोपीय कथांत शाप आहे, मलम आहे, कातड्याचा पट्टा आहे. 12 व्या शतकातल्या एका फ्रेंच कथाकाव्यात नवऱ्याचं माणूसपण त्याच्या काढून ठेवलेल्या कपड्यांवर अवलंबून असतं. बायको ते पळवते आणि तो लांडगाच राहतो. म्हणजे कुठलाही नियम पवित्र नाही, तुम्ही निवडायचा. पण त्या फ्रेंच कथेतला नियम बघा: नवऱ्याचे कपडे कुठे ठेवलेत हे बायकोलाच ठाऊक. विश्वासाचा सगळा प्रश्न एका गाठोड्यात आला.

आता चांदी घ्या. चांदीची गोळी परदेशी कथांतून आली, ती तिथेच राहू द्या. आपल्याकडे चांदी कुठे असते? देव्हाऱ्यातल्या टाकांत, करंड्यात, बाळाच्या वाळ्यांत, आणि लग्न झालेल्या बाईच्या पायांतल्या जोडव्यांत. तुमच्या नायकाला चांदी पोळते असा नियम केलात की लग्नानंतरची पहिलीच रात्र बदलते. माझ्या कथेत मी हे असं लिहिलं:

*तिनं दिवा मालवण्याआधी पाय जवळ ओढले. बोटं सुजली होती, जोडवं निघेना. खोबरेल लावून ते फिरवत फिरवत काढलं, मग दुसरं. दोन्ही करवंटीत टाकून ती करवंटी खिडकीच्या फळीवर लांब सरकवली. "सासूबाईंनी बघितलं तर?" त्यानं विचारलं. "पहाटे घालीन," ती म्हणाली, "पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजायच्या आत."*

एकही दात न दाखवता इथे धोका आहे, माया आहे, सासूही आहे. नियम घरात शिरतो म्हणजे हे.

वहीत या प्रश्नांची उत्तरं लिहा: रूप बदलल्यावर आठवण राहते का? दुखतं का, आणि किती वेळ? कपड्यांचं काय होतं? जखम माणसाच्या देहावर उरते का? मुलांत उतरतं का? अंगाची चण केवढी? भारतीय लांडगा युरोप-अमेरिकेतल्या लांडग्याहून लहान आणि सडपातळ असतो, वजन साधारण 20 किलोंच्या आसपास, अंगावर लोकर कमी. सत्तर किलोंचा पुरुष एवढ्याशा जनावरात मावतो कसा, याचं उत्तर वाचकाला द्यायची गरज नाही, पण तुमचं ठरलेलं हवं. मला स्वतःला हा लहान, हाडकुळा लांडगाच आवडतो. त्याला कुशीत घ्यावंसं वाटू शकतं.

3. पौर्णिमांचं वेळापत्रक मांडा

या पायरीला सगळ्यांत जास्त वेळ द्या. पौर्णिमेचा नियम घेतलात, तर आपलं पंचांग तुम्हाला वर्षाचं कथानक आयतं देतं, कारण आपल्या बहुतेक पौर्णिमांना घरात काहीतरी असतंच. परदेशी नायकाला पौर्णिमेच्या रात्री फक्त लपायचं असतं. आपल्याला त्या दिवशी घरी हजर राहायचं असतं.

ज्येष्ठातली वटपौर्णिमा बघा. नायिका दिवसभर उपाशी, वडाला सूत गुंडाळून सात जन्म हाच नवरा मागते, आणि त्याच संध्याकाळी तो नवरा परसदारातून रानाकडे निघतो. तिनं काय मागितलंय हे तिला पुरतं ठाऊक आहे, तरी ती मागते. सगळी प्रेमकथा या एका दिवसात मावते. श्रावणात सुतांची पुनव. आश्विनात कोजागिरी, सगळी वाडी चांदण्यात दूध आटवत जागी असते आणि नायकाला जागा नसते. कार्तिकात त्रिपुरारी: साखळीच्या विठ्ठलापुरात वाळवंटी नदीत सजवलेल्या नौका सोडतात, काठावर माणूस मावत नाही. तिनं त्या गर्दीत एकटीनं उभं राहून 'ते का आले नाहीत?' या प्रश्नाला उत्तर द्यायचं आहे. मार्गशीर्षात दत्तजयंती, फाल्गुनात होळी आणि शिगमो. अधिक महिना आला तर एक पौर्णिमा जास्त, आणि तो घरातल्यांना कसा जाचतो तेही लिहिता येईल.

आता तांत्रिक बाजू, कारण इथे चुका फार होतात.

पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि सूर्योदयाच्या सुमारास मावळतो. मध्यरात्री तो डोक्यावर असतो. 'मध्यरात्री पूर्ण चंद्र डोंगराआडून वर आला' हे वाक्य मी किती हस्तलिखितांत खोडलंय. गोव्यात रात्र वर्षभरात साधारण अकरा ते पावणेतेरा तासांची असते, तेवढाच तुमच्या नायकाचा वनवास. वाळपईकडे पूर्वेला डोंगर आहेत, चंद्र प्रत्यक्ष दिसायला उशीर होतो. त्या मधल्या वेळात निरोपाचा प्रसंग बसवा.

तिथी आणि चंद्रोदय वेगळे. पौर्णिमा भर दुपारी लागू शकते, दुसऱ्या दिवशी संपू शकते. नायकाचा देह तिथीला बांधलेला की प्रकाशाला? तिथीला बांधलात तर तो कदाचित ऑफिसात, बसमध्ये, पंगतीत बसलेला असताना वेळ येईल. प्रकाशाला बांधलात तर पावसाळा तुमचा. जून ते सप्टेंबर ढगांनी चंद्र झाकलेला असतो. मग पाऊस हा या जोडप्याचा मधुमास होईल, आणि ढग फाटतील ती रात्र घाताची. मी दुसरा पर्याय निवडला आणि त्यानं मला चार महिन्यांचं कथानक दिलं.

किनाऱ्यावरच्यांनी उधाण विसरू नये. पौर्णिमेच्या आसपास भरती मोठी असते. खाजनातल्या मानशीवर (पाणी आत-बाहेर सोडायच्या दारावर) काम करणाऱ्या नायिकेला त्याच रात्री बांध राखायला जायचं असतं. दिवाडीला जायला फेरीबोट लागते. शेवटची फेरी चुकली तर लांडगा बेटावर अडकला.

4. प्रेम करणाऱ्या माणसाला स्वतःचं आयुष्य द्या

बहुतेक नव्या कथांत ही व्यक्ती नुसती घाबरते आणि वाट बघते. तिला काम द्या, पगार द्या, कर्ज द्या, एखादा हट्ट द्या. तिच्या कामातूनच गुपितापर्यंत वाट निघाली तर उत्तम, पुढच्या पायरीत दाखवते. पुरुष-पुरुष किंवा स्त्री-स्त्री जोडपं असेल तरी हेच. आणि दोघंही सज्ञान असावीत, यात तडजोड नाही.

5. गुपित उघडं पडण्याचा प्रसंग

'मी लांडगा आहे' असं त्यानं चांदण्यात उभं राहून सांगणं ही सगळ्यांत कमजोर रीत. तिला कळू दे, तेही तिच्या हुशारीनं.

समजा ती वनखात्यासाठी काम करते. अभयारण्यात वाघांची नोंद ठेवायला झाडांना कॅमेरे बांधतात. समोरून काही गेलं की फोटो निघतो, खाली तारीख आणि वेळ. ती संगणकावर शेकडो फोटो चाळते: गवा, मेरू (सांबर), साळिंदर, रानडुक्कर, वाऱ्यानं हललेली फांदी. मग एक लांडगा. इथे असायला नको असलेला. ती वरिष्ठांना सांगणार असते, तेवढ्यात मागच्या महिन्यातला दुसरा फोटो सापडतो. दोन्ही पौर्णिमेचे. दोन्हींत डाव्या कानाची कड फाटलेली. आणि ती कड तिनं कालच संध्याकाळी बोटानं चाचपून 'हे कशानं झालं?' असं विचारलेलं असतं.

आता ती काय करते? फोटो पुसते की ठेवते? लांडग्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, पण संरक्षण म्हणजे लक्षही आलं, माणसं शोधायला आली. म्हादई अभयारण्यात जानेवारी 2020 मध्ये एक वाघीण आणि तिचे बछडे मेलेले सापडले होते; रानातलं जनावर आणि रानालगतचं गुरं राखणारं गाव यांच्यातला ताण तुमच्या वाचकाला माहीत आहे. नायक म्हशींच्या गोठ्याजवळून गेला तर काय होऊ शकतं, हे ती जाणते. तिची भीती त्याची नसून त्याच्यासाठी आहे, हे वाचकाला याच प्रसंगात कळलं पाहिजे.

खुणा पेरायच्या तर बारीक पेरा. सदऱ्याच्या कॉलरीत अडकलेली कुसळं. नखांत लाल माती. गावचे कुत्रे सगळ्यांवर भुंकतात, तो आला की गप्प बसतात. वाडीला जी कोल्हेकुई वाटते, त्यातला एक लांब सूर तिला वेगळा ऐकू येतो.

6. नशिबाची जोडी आली तरी निवड राहू द्या

या प्रकारात 'ठरलेला जोडीदार' फार लोकप्रिय आहे. वास आला, नजर भिडली, आणि दोघं कायमची बांधली गेली. आपल्या वाचकाला जन्मोजन्मीच्या गाठी नव्या नाहीत, त्यामुळे ही कल्पना सहज रुजते. धोका असा की नायिकेला 'नाही' म्हणायला जागाच उरत नाही, आणि मग नायकानं पाठलाग करणं, तिचा फोन तपासणं, दुसऱ्या पुरुषाशी बोलली म्हणून गुरगुरणं, सगळं 'लांडग्याचा स्वभाव' म्हणून खपवलं जातं. अशी पानं मी परत पाठवते. ओढ लांडग्याची असू दे, होकार माणसाचा हवा, आणि तो शब्दांत यायला हवा. शरीरसंबंधाचे प्रसंग दोघं माणसाच्या रूपात असतानाच.

गोव्यातला लग्नाचा कायदा इथे कामाला येतो. नागरी नोंदणीत आधी लग्नाचा इरादा सांगून सही करायची, मग सूचना लागते, काही दिवसांनी पुन्हा जाऊन दुसरी सही. या दोन सह्यांच्या मध्ये एक पौर्णिमा टाका. पहिली सही करताना तिला माहीत नव्हतं, दुसरीच्या वेळी माहीत आहे. ती येते की नाही? घरच्यांनी देवीला कौल लावला असेल, पाकळी उजवीकडून पडली असेल, तरी पेन तिच्याच हातात आहे.

7. कळप म्हणजे घर

'अल्फा' नर, त्याला आव्हान देणारे इतर नर, रक्ताळलेली गादी: हे सगळं जुन्या समजुतीवर आधारलेलं आहे. प्राणी-अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 मध्ये पिंजऱ्यात एकत्र कोंबलेल्या लांडग्यांवरून ती मांडली. पुढे ती पसरवणाऱ्या डेव्हिड मीच (Mech) यांनीच 1999 मध्ये दुरुस्ती केली: रानातला कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पिल्लं. मोठी झालेली पिल्लं घर सोडून जोडीदार आणि स्वतःची हद्द शोधायला निघतात.

आपल्यासाठी हे कितीतरी बरं. सासू, दीर, नणंद, एकत्र कुटुंब, वाटणीचा वाद, घर सोडून फोंड्याला खोली घेतलेला धाकटा: हे आपण डोळे मिटून लिहू शकतो. सासूच कळपाची कर्ती असू दे. सुनेला कळलंय हे तिला पहिल्यांदा कळतं, आणि ती काही न बोलता त्या रात्री परसातला दिवा लावायचं काम सुनेकडे देते. इतकं पुरतं.

8. बोली

निवेदन मराठीत, घरातलं बोलणं कोकणीच्या वळणाचं, हे गोव्यातल्या कितीतरी घरांचं वास्तव आहे. 'काल रातीं खंय आसलो तूं?' असं एखादं वाक्य ठेवा, बाकीचं मराठीत सांगा, सीमेपलीकडच्या वाचकालाही अर्थ लागला पाहिजे. भावनेच्या टोकाला मात्र पात्र घरचीच भाषा बोलतं, तिथे हात आखडू नका. नावं गावातली हवीत. 'ल्युसियन' हा सत्तरीत जन्मत नाही.

9. शेवट: बरं करू नका

शेवटच्या भागात औषध, मंत्र किंवा त्याग येऊन नायक निव्वळ माणूस होतो, असं लिहायचा मोह आवरा. तिनं ज्याच्यावर प्रेम केलं त्याचा अर्धा भाग तुम्ही पुसून टाकलात, असा त्याचा अर्थ होतो. प्रेमकथेला सुखाचा किंवा निदान आशेचा शेवट लागतो, तो घडी बसण्यातून द्या: पौर्णिमेला कोण काय करतं, दार कुठलं उघडं ठेवायचं, मुलांना केव्हा सांगायचं.

10. प्रसिद्ध करताना

क्रमशः टाकणार असाल तर निम्मी कथा हातात तयार ठेवून सुरुवात करा. नियम मध्येच बदलला की वाचक लगेच पकडतो, म्हणून प्रत्येक भाग टाकण्याआधी नियमांची वही उघडा. पहिला वाचक पंचांग कळणारा शोधा, दुसरा रान कळणारा. प्रौढांसाठीचा मजकूर असेल तर तशी सूचना सुरुवातीलाच द्या. प्रतिलिपीसारख्या ठिकाणी किंवा इतरत्र टाकताना हक्कांच्या अटी पूर्ण वाचा. ऑडिओ, अनुवाद आणि चित्रपटाचे हक्क कोणाकडे जातात ते वेगळं तपासा, आणि कथेची तारीख घातलेली प्रत स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा.